‘नको’ म्हणण्याचा शीण : जाहिरातींच्या माऱ्यात मन शाबूत ठेवण्यासाठी काय करावे

मुलुंड ते दादर हा लोकलचा अर्ध्या-पाऊण तासाचा प्रवास मी अनेक वर्षे करते आहे. बसायला जागा मिळाली, गाडी वेळेवर धावली आणि वाटेत कोणाशी बोलाचालीही झाली नाही, अशा दिवशीसुद्धा उतरताना डोके जड झालेले असते, आणि त्याचे कारण पुष्कळ दिवस माझ्या ध्यानात आले नव्हते. गर्दी, उकाडा, अपुरी झोप ही नेहमीची कारणे होतीच. मात्र एकदा चष्मा घरी विसरून निघाले. दूरचे काही वाचता येत नव्हते आणि त्या दिवशीचा प्रवास विलक्षण हलका गेला, तेव्हा संशय निराळ्याच दिशेला वळला. एरवी त्या वाटेवर पुलाच्या पायऱ्यांच्या उभ्या बाजूंवर नव्या गृहप्रकल्पाची किंमत असते, डब्यात दाराशी वशीकरण करणाऱ्या बाबांचे स्टिकर असतात, खिडकीच्या वर ‘घरबसल्या कमवा’ असा चिटोरा डकवलेला असतो, बाहेर रुळांलगतच्या गच्च्यांवर होर्डिंगे असतात आणि या सगळ्यांपासून सुटका म्हणून हातात घेतलेल्या फोनवर त्यांचीच पुढची फेरी सुरू होते.

वाचता येणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोरचा शब्द न वाचणे जमत नाही. जॉन रिडली स्ट्रूप या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग प्रसिद्धच आहे. एका रंगाचे नाव दुसऱ्याच रंगाच्या शाईत छापून केवळ शाईचा रंग सांगायला सांगितले, तर माणूस अडखळतो, कारण तो शब्द त्याने आधीच वाचून टाकलेला असतो. रस्त्यावरच्या जाहिरातीचेही असेच होते. ती वाचली जाते, तिचा अर्थ लागतो, ती आपल्या कामाची नाही हे ठरते आणि मग ती बाजूला सारली जाते. हे सारे क्षणार्धात होत असले तरी फुकट होत नाही. ‘माझे जाहिरातींकडे लक्षच नसते’ असे म्हणणाऱ्यांना मला एवढेच सांगावेसे वाटते की लक्ष न देणे हेसुद्धा एक काम आहे. शिवाय ते काम करूनही परिणाम पुरता टळत नाही. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोंक यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले होते की एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा नजरेखालून गेली, की केवळ त्या परिचयामुळे ती माणसाला बरी वाटू लागते.

समाधानावर होणारा परिणामही अभ्यासला गेला आहे. १९८० ते २०११ या काळातील २७ युरोपीय देशांमधल्या सुमारे नऊ लाख लोकांच्या उत्तरांची सांगड जाहिरातींवरील खर्चाशी घालणारा एक अभ्यास २०१९ मध्ये पुढे आला. एखाद्या देशात जाहिरातींवरचा खर्च वाढला, की त्यानंतर लोकांचे स्वतःच्या आयुष्याविषयीचे समाधान काहीसे उतरते आणि खर्च दुप्पट झाल्यास ही उतरण सुमारे ३ टक्क्यांची असते, असा त्याचा निष्कर्ष होता. दोन गोष्टी मागोमाग घडल्या म्हणून पहिलीमुळेच दुसरी घडली असे छातीठोकपणे म्हणता येत नाही, हे खरे. तरीही शेजारणीचा नवा हार पाहून मन खट्टू होत असेल, तर दिवसभर शेकडो अनोळखी शेजारणी आपापले हार दाखवत असताना ते खट्टू होणार नाही, असे मानण्याला आधार नाही.

या लेखातील सर्व सूचना एकाच विचारावर उभ्या आहेत. जाहिरातीला भुलल्यामुळे जेवढी झीज होते, त्याहून अधिक झीज तिला दिवसभर ‘नको’ म्हणत राहिल्यामुळे होते. म्हणून मनोनिग्रह वाढवण्याच्या खटाटोपात न पडता, जिथे शंभर वेळा नकार द्यावा लागतो तिथे तो एकदाच देऊन मोकळे होता येईल अशी व्यवस्था करावी. अस्वस्थता, निद्रानाश किंवा उदासी आठवड्यांमागून आठवडे टिकत असेल, तर मात्र तो या लेखाचा विषय राहत नाही. अशा वेळी डॉक्टरांना भेटावे किंवा केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ या सेवेशी १४४१६ या क्रमांकावर बोलावे. तेथे मराठीतही बोलता येते.

आधी एक दिवस मोजावे

माणूस रोज चार हजार किंवा दहा हजार जाहिराती पाहतो, असे आकडे सर्रास सांगितले जातात. त्यांच्यामागे भक्कम मोजणी नाही. त्यामुळे ते बाजूला ठेवून आपला आकडा आपणच काढावा. एखादा नेहमीच्या धावपळीचा दिवस निवडून खिशात छोटी वही ठेवावी आणि सकाळी उठल्यापासून दिसलेल्या व ऐकू आलेल्या प्रत्येक जाहिरातीसाठी एक रेघ ओढावी. दुकानावरची त्याच दुकानाची पाटी मोजू नये, कारण ती वाट दाखवण्याचेही काम करते. मात्र त्या पाटीचा अर्धा भाग शीतपेयाच्या कंपनीने व्यापलेला असल्यास रेघ ओढावी. मी हा प्रयोग केला तेव्हा वहीचे पान कुर्ला येण्यापूर्वीच भरले आणि मी मोजणी सोडून दिली. तेवढे पुरेसे होते.

रेघांपेक्षा महत्त्वाची आहेत त्यांच्यापुढे लिहायची दोन टिपणे. पहिले असे, की ही जाहिरात नुसती उभी होती की तिने आपल्याला हाक मारली. भिंतीवरचा कागद उभा असतो. फोनवरची घंटी, लिफ्टमधला बोलणारा पडदा आणि फलाटावरच्या उद्घोषणांच्या मध्ये घुसलेली साबणाची जाहिरात ही हाक असते. हाकेला प्रतिसाद द्यायचा नाही असे ठरवले तरी हातातले काम क्षणभर तुटते आणि पुन्हा सांधावे लागते. दुसरे टिपण असे, की ती गेल्यावर मागे काय उरले. ‘आज मध्यरात्री सवलत संपणार’ या वाक्याने घाई उरते, गोऱ्या-सडपातळ चेहऱ्यांनी तुलना उरते, विम्याच्या जाहिरातीने धास्ती उरते आणि पुष्कळशा जाहिरातींनी निव्वळ चिडचीड उरते. संध्याकाळी वही पाहिली की आपल्याला नेमके काय पोखरते आहे ते कळते, आणि ते प्रत्येकाचे निराळे असते. माझ्या बाबतीत घाईच्या जाहिराती सर्वांत वाईट ठरल्या. काहीही घ्यायचे नसताना काहीतरी हातचे निसटत असल्याची भावना त्या मागे ठेवून जात होत्या.

फोन : सर्वांत सोपा आणि सर्वांत मोठा फायदा

रस्त्यावरचे होर्डिंग एका माणसाला उतरवता येत नाही, पण फोनवरच्या बहुतेक हाका एका बैठकीत बंद करता येतात. म्हणून आरंभ येथून करावा.

पहिले काम म्हणजे प्रचारकी कॉल आणि संदेशांविरुद्ध आपली इच्छा अधिकृतपणे नोंदवणे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या म्हणजे ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार हा हक्क प्रत्येक ग्राहकाला आहे. ‘स्टार्ट’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून, मध्ये एक जागा सोडून शून्याचा आकडा टाकावा आणि तो संदेश १९०९ या क्रमांकावर पाठवावा. सर्वच प्रकारचा प्रचार नको असल्याची नोंद त्याने होते. त्याच क्रमांकावर फोन करून किंवा ट्रायच्या डीएनडी ॲपमधूनही हे करता येते. बँकिंग व विमा, घरबांधणी, शिक्षण, आरोग्य, पर्यटन असे विभाग असल्यामुळे एखादा विभाग चालू ठेवायचा असल्यास तशीही सोय आहे. बँकेचे ओटीपी, गाडीचे आरक्षण, गॅसची नोंदणी असे व्यवहाराचे संदेश यामुळे थांबत नाहीत. ही भीती पुष्कळांना, विशेषतः घरातील ज्येष्ठांना वाटते, म्हणून त्यांच्या फोनवर हे करताना तेवढे समजावून सांगावे.

नोंदणीनंतरही कॉल येतात आणि लोक ‘त्याने काही होत नाही’ असे म्हणून सोडून देतात. येथे थोडी चिकाटी हवी. प्रचारासाठी कॉल करणाऱ्या नोंदणीकृत कंपन्यांना १४० ने सुरू होणारे क्रमांक दिलेले आहेत, तर १६०० ने सुरू होणारे क्रमांक बँका, विमा कंपन्या आणि सरकारी कार्यालये यांच्या सेवाविषयक कॉलसाठी आहेत. साध्या दहा आकडी मोबाइलवरून ‘मॅडम, पर्सनल लोन’ असा फोन आला, तर तो नियमबाह्य असतो आणि त्याची तक्रार करता येते. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनुसार तक्रारीसाठी सात दिवसांची मुदत मिळते आणि अशा नोंदणी नसलेल्या क्रमांकाविरुद्धची तक्रार करण्यासाठी आपण स्वतः आधी नोंदणी केलेली असण्याचीही गरज उरलेली नाही. संदेशांच्या बाबतीत प्रेषकाच्या नावाशेवटी येणारे इंग्रजी अक्षर पाहावे. ‘पी’ म्हणजे प्रचार, ‘एस’ म्हणजे सेवा, ‘टी’ म्हणजे व्यवहार आणि ‘जी’ म्हणजे सरकारी. हे एकदा कळले की संदेश न उघडताच पुसता येतो.

दुसरे काम म्हणजे आपला क्रमांक मुळातच कमी ठिकाणी देणे. कपड्यांच्या, औषधांच्या आणि किराणा मालाच्या दुकानांत बिल करताना ‘मोबाइल नंबर?’ असे इतक्या सहजपणे विचारले जाते की तो दिल्याशिवाय बिलच होत नाही असा आपला समज होतो. ग्राहक व्यवहार मंत्रालयाने मे २०२३ मध्ये विक्रेत्यांना स्पष्ट सूचना दिली आहे की ग्राहकाने क्रमांक दिला नाही म्हणून त्याला सेवा नाकारू नये. ‘नंबर द्यायचा नाही, छापील बिल द्या’ असे शांतपणे म्हणावे. गल्ल्यावरचा मुलगा गोंधळतो, कधी व्यवस्थापकाला हाक मारतो, पण शेवटी बिल होते. हा एक नकार पुढचे कित्येक नकार वाचवतो.

तिसरे काम सूचनांचे, म्हणजे नोटिफिकेशनचे. फोनच्या सेटिंगमध्ये ॲपनिहाय सूचनांची यादी असते. ती उघडून माणसे आणि पैसा यांच्याशी थेट संबंध नसलेल्या प्रत्येक ॲपची सूचना सरसकट बंद करावी. प्रत्येक ॲपचा स्वतंत्र विचार करत बसलो तर पुन्हा नकारांचीच माळ तयार होते. अन्नपदार्थ आणि किराणा घरपोच देणाऱ्या ॲपांच्या बाबतीत मी जरा अधिक कठोर आहे. ‘जेवलीस का?’, ‘आठवण येतेय तुझी’, ‘रागावलीस?’ अशी त्यांची भाषा असते आणि तिचे पुष्कळांना कौतुकही वाटते. परंतु ज्या शब्दांनी आई, नवरा किंवा मैत्रीण आपल्याला हाक मारते, तेच शब्द दुपारी चार वाजता समोसे खपवण्यासाठी वापरले गेले, की पुढच्या वेळी खऱ्या माणसाचा संदेश वाजतानाही मन आधी सावध होते. अशा ॲपची सूचना ऑर्डर येईपर्यंत चालू ठेवून नंतर बंद करण्याचा उद्योग करण्यापेक्षा, ऑर्डर दिल्यावर ॲप स्वतः उघडून पाहणे बरे.

चौथे काम, आपण फोनवर काय पाहतो याचा जो माग काढला जातो, त्याविरुद्धचे आहे. अँड्रॉइड फोनवर गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये ‘जाहिराती’ या विभागात जाऊन जाहिरात आयडी, म्हणजे जाहिरातींसाठी फोनला दिलेला ओळखक्रमांक, हटवता येतो. आयफोनवर गोपनीयता आणि सुरक्षितता या विभागात ‘ट्रॅकिंग’ची परवानगी मागण्याचीच मुभा ॲपांना नाकारता येते. याने जाहिराती कमी होत नाहीत, हे आधीच सांगायला हवे. परंतु काल शोधलेल्या गुडघेदुखीच्या पट्ट्याने आज वर्तमानपत्राच्या, क्रिकेटच्या आणि पाककृतीच्या पानावर पाठलाग करणे बरेच कमी होते. कोणीतरी आपल्या मागे उभे राहून पाहत आहे ही जी अंधुक भावना असते, तिचा उपाय हाच. स्मार्ट टीव्ही असेल तर त्याच्या सेटिंगमध्येही ‘पाहण्याची माहिती’ गोळा करण्यास दिलेली संमती शोधून काढून टाकावी. ती आपण टीव्ही लावण्याच्या घाईत पहिल्याच दिवशी दिलेली असते.

घर आणि सोसायटी

घरातला सर्वांत जुना उपाय रिमोटवरच्या म्यूटच्या बटणाचा आहे आणि तो अजूनही सर्वांत चांगला आहे. केबल टीव्हीच्या नियमांनुसार तासाभरात बारा मिनिटांपेक्षा अधिक जाहिराती दाखवू नयेत, त्यातली दहा व्यापारी आणि दोन वाहिनीच्या स्वतःच्या कार्यक्रमांची, आणि जाहिरातींचा आवाज बेसुमार असू नये, असे अपेक्षित आहे. प्रत्यक्षात काय होते ते रात्रीच्या मालिका पाहणाऱ्या कोणाही माणसाला विचारावे. आवाज बंद केला की चित्र उरते, पण त्याची हाक संपते. आमच्या घरी जाहिराती लागल्या की ज्याच्या हातात रिमोट असेल त्याने म्यूट करायचे, हा नियम झाला आणि त्या मधल्या वेळात घरातली दोन-चार कामाची बोलणी होऊ लागली. वर्तमानपत्राच्या बाबतीत, पहिल्या पानाला पांघरलेले जाहिरातींचे पूर्ण पान आणि आत सरकवलेली शिकवणी वर्गांची पत्रके वाचायला बसण्यापूर्वीच काढून रद्दीत टाकावीत. हे एका माणसाने सर्वांसाठी करावे.

लहान मुले असलेल्या घरात थोडे अधिक काम आहे. साधारण आठ वर्षांखालील मुलांना, समोरचा माणूस आपल्याला काही विकण्यासाठी बोलत आहे हे नीटसे उमगत नाही, असे बालमानसशास्त्रातील संशोधन सांगते. त्यांना जाहिरात ही गोष्टीसारखीच खरी वाटते. त्यामुळे ‘बघू नकोस’ म्हणण्यापेक्षा ‘हे काका काय विकत आहेत?’ हा खेळ त्यांच्याशी खेळावा. माझी भाची या खेळात लवकरच तरबेज झाली. फक्त एका जाहिरातीपाशी ती अडली. तीन मोठे नट एवढ्या थाटामाटात वेलची विकत असल्यावर तिचा विश्वास बसेना. मोठ्यांना ठाऊक असलेली गोष्ट तिला सांगावी लागली, की जे विकायचे असते त्याची जाहिरात करायला बंदी असली की त्याच नावाची वेलची पुढे केली जाते. व्यक्तिगत डिजिटल डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात मुलांना उद्देशून लक्ष्य साधणाऱ्या जाहिरातींना मनाई केली आहे, पण ही तरतूद वय खरे सांगितले असेल तरच उपयोगी पडेल. म्हणून मुलाच्या हाती आईबाबांच्या खात्याचा फोन देताना हा विचार जरूर करावा.

सोसायटीच्या लिफ्टमध्ये लागणाऱ्या जाहिरातींच्या पडद्याविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण त्याबाबत रहिवाशांच्या हातात जेवढे आहे तेवढे अन्यत्र क्वचितच असते. एखादी कंपनी समितीला भेटते, पडदा फुकट लावून देते, वर्षाकाठी काही रक्कम देण्याचे कबूल करते आणि समितीला ते बिनकष्टाचे उत्पन्न वाटते. पण लिफ्ट ही अशी जागा आहे की तेथून निघून जाता येत नाही, तोंड फिरवायला दुसरी दिशा नसते, आणि कामावरून दमून आलेल्या माणसाचे ते शेवटचे तीस सेकंद असतात. आमच्या इमारतीत असा पडदा दोन वर्षे होता. तो काढण्यासाठी आम्ही जे केले ते असे. प्रथम खजिनदारांकडून त्या उत्पन्नाचा आकडा लेखी घेतला आणि त्याला सदनिकांच्या संख्येने व बारा महिन्यांनी भागले. दर घरामागे दरमहा येणारी रक्कम चहाच्या दोन कपांइतकीही नव्हती. मग करारातील मुदत आणि तो संपवण्याची अट पाहिली. त्यानंतर वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय यावा म्हणून सचिवांना वेळेत लेखी पत्र दिले. आयत्या वेळच्या विषयांत तो मांडला असता तर वाहनतळाच्या भांडणात बुडाला असता. सभेत ‘जाहिराती वाईट असतात’ असे भाषण केले नाही. फक्त भागाकाराचा कागद वाचून दाखवला आणि प्रत्येक घराने तेवढी रक्कम देखभाल शुल्कात द्यावी असे सुचवले. एका आजोबांनी, पडद्यावर तारीख-वार दिसायचा तो आता कुठे पाहायचा, असे विचारले. त्यांच्यासाठी तेथे भिंतीवरचे कॅलेंडर लावण्याचे ठरले आणि ठराव मंजूर झाला.

वाटेवर

घराबाहेर बंद करण्याचे बटण नसते, त्यामुळे येथे डोळ्यांना आणि कानांना दुसरे काम देणे एवढाच मार्ग उरतो. रिकामी नजर जाहिरातीवर जाऊन बसते. कामात असलेली नजर तितकी जात नाही. डब्यात पुस्तक वाचणे, विणकाम करणे, शब्दकोडे सोडवणे हे त्यामुळे वेळ घालवण्याचे साधन राहत नाही, तर डोळ्यांवरची छत्री होते. आमच्या डब्यातल्या भाजी निवडणाऱ्या बायकांना हे कोणी शिकवले नव्हते. फोनवरचे वाचन या कामी येत नाही, कारण तेथे दर दोन परिच्छेदांनंतर तीच गोष्ट पुन्हा भेटते. फोनच वापरायचा असेल तर उतरवून ठेवलेले पुस्तक नेट बंद करून वाचावे.

फलाटावर उभे राहण्याची जागाही निवडता येते. पुलाच्या पायथ्याशी आणि तिकीट खिडकीपाशी पडदे व कर्णे दाटीने असतात. फलाटाच्या टोकाकडे ते विरळ होतात. चार पावले अधिक चालून तेथे उभे राहावे. चालत जाण्याच्या वाटेचेही असेच आहे. मुख्य रस्त्याऐवजी मागच्या गल्लीतून दोन मिनिटे अधिक लागत असतील तर आठवड्यातून काही दिवस तरी ती वाट धरावी. मी स्टेशनपासून घरापर्यंतची वाट अशी बदलली आहे. तिच्यावर एक पिठाची गिरणी, दोन बदामाची झाडे आणि एक बंद पडलेले छायाचित्रकाराचे दुकान आहे. कोणीही मला काहीही घ्यायला सांगत नाही.

समोर आलेल्या जाहिरातीशी मनातल्या मनात वाद घालू नये. ‘असे कुठे असते का’, ‘किती खोटे बोलतात’ अशी चिडचीड आपल्याला जागरूकतेची खूण वाटते, पण ती जाहिरातीला दिलेला जादा वेळ असतो. ‘जाहिरात आहे’ एवढे मनात म्हणून नजर उचलावी. चित्रपटगृहात छापील वेळेनंतर वीस-पंचवीस मिनिटे जाहिरातीच पाहाव्या लागत असतील, तर तेवढ्या उशिरा आत जाण्याचा साधा उपाय आहे. सोबतच्यांना तो पटवणे मात्र अवघड जाते.

बेकायदा फलकांविषयी तक्रार

आपल्या शहरांतील चौकांत कंपन्यांइतकेच किंवा त्याहून अधिक चेहरे ‘भावी नगरसेवकां’चे आणि त्यांच्या खालच्या ओळीतल्या शुभेच्छुकांचे असतात. वाढदिवस, नियुक्ती, दहीहंडी, दहावीचा निकाल असे कोणतेही निमित्त त्याला पुरते. यातले पुष्कळ फ्लेक्स विनापरवाना असतात. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपणास प्रतिबंध करणारा १९९५ चा कायदा आहे आणि त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेवर जानेवारी २०१७ मध्ये दिलेल्या निकालात सर्व महापालिकांना बेकायदा फलक हटवण्याविषयी तपशीलवार आदेश दिले. तरीही फलक राहिले, आणि हा प्रश्न नुसत्या डोळ्यांच्या त्रासाचा नाही हे १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला सर्वांनी पाहिले. छेडानगरच्या पेट्रोल पंपावर वादळात होर्डिंग कोसळून १७ जणांचा जीव गेला. मुंबईत ४० बाय ४० फुटांची मर्यादा असताना ते सुमारे १२० बाय १४० फुटांचे होते. पुण्यात जुन्या बाजाराच्या चौकात ऑक्टोबर २०१८ मध्ये आणि पिंपरी-चिंचवडमधील किवळे येथे एप्रिल २०२३ मध्ये असेच जीव गेले होते.

तक्रार करताना पुढील गोष्टी पाळल्यास ती टिकते. फलकाचे छायाचित्र दिवसा घ्यावे आणि त्यात जवळचे दुकान, विजेच्या खांबावरचा क्रमांक किंवा रस्त्याची पाटी येईल असे पाहावे. फलकावर परवान्याचा क्रमांक आणि मुदत लिहिलेली आहे का ते पाहून तक्रारीत नमूद करावे. मजकुराविषयी, पक्षाविषयी किंवा चेहऱ्याविषयी एक शब्दही लिहू नये, नाहीतर तक्रार राजकीय ठरते. पुण्यासारख्या महापालिकेत हा विषय आकाशचिन्ह व परवाना विभागाकडे असतो, तर मुंबईत अनुज्ञापन खात्याकडे. मुंबईत १९१६ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. तक्रारीचा क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नये. काहीच हालचाल न झाल्यास माहितीच्या अधिकारात दहा रुपये शुल्क भरून एवढेच विचारावे, की अमुक ठिकाणच्या फलकाला परवानगी दिली होती का आणि तक्रारीवर कोणती कार्यवाही झाली. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते आणि अनेकदा उत्तर येण्यापूर्वी फलकच नाहीसा झालेला असतो. एलईडी पडद्याचा उजेड रात्री झोपण्याच्या खोलीत येत असेल तर खिडकीतून घेतलेले, वेळ दिसणारे चित्रण जोडावे आणि शेजारच्या आणखी दोन-तीन घरांच्या सह्या घ्याव्यात.

याने शहर मोकळे होईल का, असे विचारणाऱ्यांना ब्राझीलमधील साओ पाउलोचे उदाहरण सांगता येते. तेथे १ जानेवारी २००७ पासून ‘स्वच्छ शहर’ कायदा लागू झाला आणि एवढ्या अवाढव्य नगरातून सुमारे १५ हजार होर्डिंगे उतरली. आपल्याकडे महापालिकांना फलकांपासून उत्पन्न मिळते, त्यामुळे मी तशी आशा नजीकच्या काळात धरत नाही. पण आपल्या चौकातला एक फ्लेक्स उतरल्यानंतर तेथून जाताना मान वर करून चालता येते, हा माझा अनुभव आहे.

उरलेल्या इच्छांसाठी वही

इतके सगळे करूनही काही जाहिराती आत शिरतातच आणि त्यातली एखादी वस्तू खरोखर हवीशी वाटते. तिच्याशी झगडू नये. मोजणीच्या वहीच्या मागच्या पानांवर तारीख घालून तिचे नाव आणि ती कुठे पाहिली ते लिहावे आणि पुढच्या महिन्याच्या एक तारखेला ते पान उघडायचे असे ठरवून टाकावे. यात नकार नसतो, पुढची तारीख असते, त्यामुळे मन हट्टाला पेटत नाही. ‘आज मध्यरात्रीपर्यंतच’ असलेल्या वस्तू या वहीत आपोआप गळून पडतात. माझ्या वहीत गेल्या वर्षी हवा भरायचा पंप, तांब्याची बाटली आणि तीन प्रकारचे पोळपाट होते. मी पंप घेतला, कारण सायकल खरोखरच बसली होती.

तीन महिन्यांतून एका रविवारी तासभर काढून हे सगळे पुन्हा तपासावे. ॲप अद्ययावत होताना सूचना पुन्हा चालू झालेल्या असतात, नव्या ॲपांची भर पडलेली असते, नवे सिमकार्ड घेतले असेल तर १९०९ वरची नोंद त्या क्रमांकासाठी नव्याने करावी लागते आणि सोसायटीची समिती बदलली असेल तर लिफ्टसाठी एखादा नवा प्रस्ताव सचिवांच्या टेबलावर येऊन पडलेला असण्याची शक्यता असते. तो विषयपत्रिकेवर येण्यापूर्वी विचारून घ्यावा.